विकासात्मक अपंगत्व: कसं बोलावं, कसा आधार द्यावा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मोठ्या भावाला बौद्धिक अपंगत्व आहे. त्याचं वय ४६. मध्यंतरी त्याचा चष्मा बदलायला आम्ही दोघं गेलो होतो. भाऊ आरशासमोर बसला होता, हातात निळी फ्रेम होती. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, ह्याला कुठली फ्रेम आवडेल? तुम्हीच सांगा." मी वयाने लहान, तरी मला 'ताई' आणि 'तुम्ही'. चष्मा घालणारा माणूस मात्र 'हा'. त्या गृहस्थाने एकही वाईट शब्द वापरला नव्हता. तरी दादाने फ्रेम खाली ठेवली आणि नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

लोक मला बहुतेकदा शब्दांबद्दल विचारतात: हे म्हणायचं की ते? त्या प्रश्नांची उत्तरं खाली दिली आहेत. पण योग्य शब्द सापडला की काम संपलं असं मला वाटत नाही. आपण कोणाकडे बघून बोलतो, हेही भाषेतच येतं. म्हणून शब्दांचे आणि आधाराचे प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

विकासात्मक अपंगत्व म्हणजे नेमकं काय?

माणसाची वाढ होत असतानाच्या काळात सुरू होणारं आणि बहुधा आयुष्यभर सोबत राहणारं अपंगत्व. शिकणं, बोलणं, हालचाल, स्वतःची कामं स्वतः करणं, लोकांमध्ये मिसळणं यांपैकी काही गोष्टींवर त्याचा परिणाम होतो. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी ही यातली ओळखीची नावं. डाऊन सिंड्रोम आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय स्थितींमुळेही विकासात्मक अपंगत्व येतं.

या नावांची सरमिसळ फार होते. सेरेब्रल पाल्सीत मेंदूचं स्नायूंवरचं नियंत्रण बिघडलेलं असतं, त्यामुळे बोलणं अस्पष्ट येऊ शकतं. पण अशा साधारण निम्म्या लोकांना बौद्धिक अपंगत्व नसतं. त्यांना सगळं समजत असतं. आपल्याबद्दल समोरच काय बोललं जातंय, हेही.

मग हा मानसिक आजार आहे का?

नाही. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियासारखे आजार कोणालाही, कुठल्याही वयात होऊ शकतात आणि त्यांवर उपचार असतात. विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तीलाही नैराश्य येऊ शकतं. 'ह्यांचं असंच असतं' म्हणून ते सोडून देऊ नये, त्यावर इलाज करावा.

'मतिमंद' शब्द इतकी वर्षं संस्थांच्या पाट्यांवर होता. आता तो चुकीचा कसा झाला?

या क्षेत्रातले बहुतेक अपमानकारक शब्द एकेकाळी शास्त्रीय होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी १९१० मध्ये बुद्धिमापनावरून केलेल्या वर्गवारीत 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' या तीन रीतसर पायऱ्या होत्या. 'मोरॉन' हा शब्द तर त्यांनी ग्रीकवरून मुद्दाम घडवला. आज त्या तिन्ही शिव्या आहेत. त्यांच्या जागी आलेल्या 'मेंटल रिटार्डेशन'चंही तेच झालं. अमेरिकेतल्या या विषयावरच्या सर्वांत जुन्या संघटनेने २००७ मध्ये आपल्या नावातून तो शब्द काढला आणि २०१० मध्ये तिथल्या 'रोझाज लॉ' या कायद्याने तो अनेक केंद्रीय कायद्यांमधूनही गेला.

डाऊन सिंड्रोमची कथाही अशीच. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा चेहऱ्याच्या ठेवणीवरून एका अख्ख्या मानवसमूहाचं नाव त्याला चिकटवलं. पुढे शास्त्रज्ञांनीच त्यावर आक्षेप घेतला, मंगोलियाने हरकत नोंदवली आणि १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव सोडलं.

'मतिमंद' याच वाटेने गेला. ज्यांनी तो पाटीवर लिहिला त्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्यापैकी कित्येकांनी आयुष्य या कामाला वाहिलं. पण शाळेच्या मैदानावर, गाडीत, कचेरीत तो एकमेकांना हिणवायला वापरला जाऊ लागला. माझ्या भावाने तो शब्द शिवी म्हणूनच ऐकला आहे. पाटीवर तोच शब्द दिसला की त्याला आधी ती शिवी आठवते.

मग उद्या नवा शब्दही असाच बिघडेल, असं काही जण म्हणतात. बिघडेलही. कमी लेखण्याची सवय सुटली नाही तर ती कुठल्याही शब्दात शिरेल. तेव्हा पुन्हा बदलू. ज्याला शब्द टोचतो त्याला 'सहन कर' सांगण्यापेक्षा आपण शब्द बदलणं सोपं आहे.

आज कुठले शब्द वापरावेत?

'बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती', 'डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी', 'सेरेब्रल पाल्सी असलेले गृहस्थ'. व्यक्ती आधी म्हणणाऱ्या या पद्धतीमागे चळवळ आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांनी स्वतःची परिषद भरवली. लेबलाने हाक मारली जाण्याचा त्यांना कंटाळा आला होता, आम्ही आधी माणसं आहोत असं त्यांचं म्हणणं होतं. 'पीपल फर्स्ट' हे नाव तिथून रुजलं.

'ग्रस्त' आणि 'पीडित' टाळावेत. 'ऑटिझमग्रस्त' म्हटलं की माणूस थेट पूरग्रस्त, दुष्काळग्रस्तांच्या रांगेत जाऊन बसतो. 'व्हीलचेअरला खिळलेली' हेही तसंच. व्हीलचेअरमुळे तर तिला हवं तिथे जाता येतं! आणि इतरांना 'नॉर्मल' म्हणू नका. 'अपंगत्व नसलेली मुलं' हे शब्द लांबलचक असले तरी खरे आहेत.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगते. जिथे अपंगत्वाचा संबंधच नाही तिथे ते सांगायची गरज नाही. शेजारच्या ताईंनी उत्तम विणकाम केलं असेल, तर विणकामाबद्दल बोला.

ऑटिझमच्या बाबतीत 'ऑटिस्टिक' म्हटलेलं चालतं का?

अनेक ऑटिस्टिक प्रौढांना तेच आवडतं. ऑटिझम ही पिशवीसारखी बाजूला ठेवता येणारी गोष्ट नाही, ती आमच्या विचार करण्याची आणि जगाची जाणीव होण्याची पद्धतच आहे, असं ते सांगतात. काहींना आणि बऱ्याच पालकांना 'ऑटिझम असलेली व्यक्ती' हे बरं वाटतं. समोरच्याला विचारावं आणि तो म्हणेल ते वापरावं. तुमचा सिद्धांत त्याच्यावर लादू नका.

'स्वमग्न' या शब्दाबद्दल माझं मत वेगळं आहे. तो रूढ आहे, सौम्यही वाटतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाला दुसऱ्या कोणाची गरजच नाही. कित्येक ऑटिस्टिक माणसांना मैत्री हवी असते, फक्त ती जमवण्याची त्यांची रीत वेगळी असते. ब्रिटनमधले ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला आपण जितके कोड्यात टाकतो, तितकाच तोही आपल्याला टाकतो. 'स्वमग्न' म्हटलं की दोष एकाच बाजूला जातो. मी साधं 'ऑटिझम' म्हणते.

'दिव्यांग', 'विशेष मूल', 'देवाघरचं लेकरू' हे तर कौतुकाचे शब्द आहेत ना?

'दिव्यांग' आता सरकारी कागदांवर आहे आणि काहींनी तो मनापासून स्वीकारला आहे. त्यांच्याशी बोलताना तो जरूर वापरा. अनेक अपंग कार्यकर्त्यांना मात्र तो खटकतो. 'आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प हवा, नोकरी हवी,' असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. 'अपंगत्व' या शब्दाची मला लाज वाटत नाही.

'देवाघरचं लेकरू' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत खरी माया असते, हे मी पाहिलं आहे. पण देवाघरच्या लेकराला राग येत नाही, प्रेमात पडावंसं वाटत नाही, पगारवाढ लागत नाही. दादाला यातलं सगळं वाटतं.

'शरीराने तिशीचा, पण बुद्धीने पाच वर्षांचा' असं डॉक्टरच सांगतात. त्यात चूक काय?

'मानसिक वय' हे एका चाचणीतल्या गुणांची तुलना करण्याचं जुनं माप आहे. पाच वर्षांच्या मुलाने तीस वर्षं जगलेलं नसतं. त्याने आईचा मृत्यू पाहिलेला नसतो, रोज ठरावीक बसने कामावर गेलेलं नसतं, अपमान गिळलेले नसतात. तीस वर्षांच्या माणसाच्या पाठीशी तीस वर्षांचा अनुभव असतो, मग वाचता येवो न येवो.

या वाक्याचे परिणाम रोजच्या बोलण्यात दिसतात. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' आहे, 'हा' आणि 'हे' आहे. अनोळखी चाळिशीच्या माणसाला आपण सहज अरे-तुरे करत नाही, पण त्याला बौद्धिक अपंगत्व आहे असं दिसलं की जीभ आपोआप 'तू'वर येते. त्याहून पुढे जाऊन लोक त्याला नपुंसकलिंगात टाकतात: 'ते येतंय बघ', 'ते भुकेलं असेल'. कार्यशाळेत काम करणाऱ्या पन्नाशीच्या बायकांना 'आमची मुलं' म्हणतात. त्याच वयाच्या दुसऱ्या कोणाला जे म्हटलं असतं तेच म्हणा: काका, ताई, अहो, तुम्ही. इतका सोपा आणि इतका परिणामकारक बदल मला दुसरा माहीत नाही.

सौम्य, मध्यम, तीव्र, 'हाय फंक्शनिंग' या वर्गवारीचं काय?

निदानाच्या कागदावर त्या असतात. पण त्यांच्यावरून माणसाचा दिवस कसा जाईल हे कळत नाही. 'हाय फंक्शनिंग', म्हणजे बरंचसं स्वतः जमणारा, म्हटलं की मदत नाकारली जाते आणि 'लो' म्हटलं की संधी.

विचाराची दिशा १९९२ मध्ये बदलली. पुढे २००७ मध्ये नाव बदलणाऱ्या त्याच अमेरिकी संघटनेने त्या वर्षी बुद्ध्यंकावरची वर्गवारी बाजूला ठेवली आणि आधार किती लागतो त्यावरून बोलायला सुरुवात केली: अधूनमधून, मर्यादित, व्यापक आणि सर्वकाळ. २०१३ मध्ये आलेल्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीतही बौद्धिक अपंगत्वाची पातळी ठरवताना बुद्ध्यंकापेक्षा रोजचं जगणं पाहायला सांगितलं. ऑटिझमच्या तीन पातळ्याही आधाराच्या गरजेवर बेतल्या.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? दादा ओळखीच्या मार्गाने एकटा बसने जातो. मार्ग वळवला की त्याला फोनवर कोणीतरी लागतं. चहा स्वतः करतो, पण पैशांच्या हिशोबाला माणूस लागतो. कपडे स्वतः निवडतो. दवाखान्यात सोबत हवी असते. आई गेली त्या वर्षी तर अंघोळीचीही आठवण करून द्यावी लागली, जी आधी कधी लागली नव्हती. पुढे ती गरज संपली. मग त्याला 'सौम्य' म्हणू की 'मध्यम'? आधाराची गरज कामागणिक, जागेगणिक, दिवसागणिक बदलते. म्हणून 'हा किती अपंग आहे?' असं विचारू नका. 'हे काम करताना कुठे अडतं आणि तिथे काय मिळालं तर जमेल?' असं विचारा. उत्तर कधी माणूस असेल, कधी चित्रांची यादी, कधी नुसता जास्तीचा वेळ.

आणि मदत लागणं ही कमीपणाची गोष्ट नाही, हे वेगळं सांगायला लागू नये. आपल्यापैकी कोणीही स्वतःचा दात स्वतः काढत नाही.

बोलताना प्रत्यक्ष काय सांभाळायचं?

त्या व्यक्तीकडे बघून, तिच्याशी बोला, सोबतच्याशी नको. सोबतचा माणूस उत्तर द्यायला लागला तरी नजर तिच्याकडेच ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. त्या शांततेत ती उत्तर जुळवत असते आणि आपण घाईने प्रश्न पुन्हा विचारला, तोही वेगळ्या शब्दांत, की तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

'हो' ऐकलं की लगेच विश्वास ठेवू नका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मर्जीवर राहिलेली माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणतात. दोन पर्याय दिले तर काही जण शेवटचा उच्चारतात. थोड्या वेळाने पर्यायांचा क्रम उलटा करून विचारा, शक्य असेल तर वस्तू किंवा चित्र समोर ठेवा.

ऑटिस्टिक व्यक्तीने डोळ्याला डोळा भिडवावा असा हट्ट नको. न बघताही ती ऐकत असते, काहींना न बघताच नीट ऐकू येतं. आणि 'पाच मिनिटांत येते' म्हणून अर्ध्या तासाने येऊ नका.

जी व्यक्ती बोलतच नाही, तिला काय हवंय ते कसं कळणार?

बोलत नाही याचा अर्थ सांगण्यासारखं काही नाही असा होत नाही. ती हात ओढते, मान वळवते, ताट सरकवते, एखादा आवाज काढते. हे सगळं बोलणंच आहे. चित्रफलक, खुणा, बोट लावल्यावर बोलणारी यंत्रं ही साधनं जितकी लवकर मिळतील तितकं चांगलं. साधनं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती पालकांना हमखास असते. अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. कित्येकदा बोलणं थोडं वाढतंच.

ऐकलेली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणणं हेही निरर्थक नसतं. जाहिरातीतलं एखादं वाक्य म्हणणारा मुलगा 'मला भीती वाटते' असं सांगत असू शकतो, कारण ते वाक्य त्याने पहिल्यांदा घाबरलेला असताना ऐकलेलं असतं.

एक सावधगिरी. दुसऱ्याने हात धरून अक्षरांवर बोट ठेवायला लावण्याची एक पद्धत आहे. नियंत्रित चाचण्यांत त्यातले शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले. तिच्यापासून लांब राहा. ज्या साधनावर माणूस स्वतः बोट ठेवतो, ते साधन निवडा.

चारचौघांत अचानक किंचाळायला, डोकं आपटायला लागल्यास?

तो हट्ट नसतो. आवाज, उजेड, गर्दी, बदललेला बेत हे सगळं पेलवेनासं झालेलं असतं. त्या क्षणी समजूत घालू नका, कारण बोलणं हा आणखी एक आवाज असतो. दिवा मंद करा, बघ्यांना हटवा, लागेल असं सामान दूर करा, डोक्याखाली मऊ काही सरकवा आणि जवळ शांत थांबा. न विचारता हात लावू नका. पालथं पाडून दाबून तर कधीच धरू नका, अशाने श्वास कोंडून मृत्यू झाले आहेत. मोबाईल खिशात ठेवा.

नंतर, दोन दिवसांनी, आधीच्या तासाभरात काय घडलं होतं ते लिहून काढा. चार-पाच वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कारण बहुधा दिसतं.

डॉक्टरांकडे जाताना काय लक्षात ठेवावं?

वागण्यात अचानक बदल झाला तर आधी दुखणं शोधा. दात, कान, बद्धकोष्ठता, जळजळ. 'अपंगत्वामुळेच असं करतो' म्हणून खरा आजार नजरेआड होतो. मानसिक आजारांबाबत हे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवून दिलं होतं. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड, हृदय, कान आणि झोपेतला श्वास यांकडे विशेष लक्ष लागतं. अल्झायमरही इतरांपेक्षा लवकर येऊ शकतो. म्हणून चाळिशीत विसरभोळेपणा वाढला तर तपासून घ्या. डॉक्टरांना सांगा: प्रश्न पेशंटलाच विचारा, अडलं तर मी मदत करेन.

निर्णय पालकांनीच घ्यायचे ना?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं बारावं कलम म्हणतं की कायद्यापुढे अपंग व्यक्ती इतरांइतकीच व्यक्ती आहे आणि निर्णय घ्यायला आधार मिळणं हा तिचा हक्क आहे. म्हणजे तिच्या वतीने ठरवून टाकण्याआधी तिला ठरवता यावं यासाठी जे करता येईल ते करायचं. सोप्या शब्दांत लिहा, चित्रं काढा, जागा आधी दाखवून आणा, उत्तरासाठी दोन दिवस द्या. शर्टाचा रंग निवडायची सवय नसलेल्या माणसाला एकदम शस्त्रक्रियेबद्दल विचारलं तर तो गोंधळणारच. त्यामुळे सुरुवात शर्टापासून करा. तिने घेतलेला निर्णय तुम्हाला चुकीचा वाटेल. तुमचेही काही निर्णय लोकांना चुकीचे वाटले होते.

शरीर, स्पर्श, लैंगिकता यांबद्दल त्यांच्याशी बोलावं का? उगीच कल्पना येतील.

बोलायलाच हवं. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते, असं 'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात आढळलं. ज्या मुलीला अवयवांची खरी नावं माहीत नाहीत, ती काय घडलं ते सांगणार कशी? कपडे बदलताना दार लावा, अंघोळ घालण्याआधी 'आता पाठ चोळते' असं सांगा, 'नको' म्हटलं तर थांबा. आपण तिच्या 'नको'ला किंमत दिली तरच दुसऱ्यालाही 'नको' म्हणता येतं, हे तिला कळेल.

ओळखीच्या घरी नुकतंच बाळाचं निदान झालंय. काय बोलू?

बाळाचं अभिनंदन करा. त्याला मांडीवर घ्या, नाव विचारा. 'सगळं नीट होईल' आणि 'देव खंबीर माणसांनाच निवडतो' ही दोन्ही वाक्यं गिळून टाका. 'मंगळवारी दुपारी मी दोन तास येऊन बसू का?' हे विचारा आणि मंगळवारी जा.

लहान मुलं मोठ्याने विचारतात, 'त्या काकांना काय झालंय?'

मुलाला दटावू नका. दटावलं की काहीतरी भयंकर आहे असं त्याला वाटतं. 'काका वेगळ्या पद्धतीने बोलतात. चल, नमस्कार करूया' एवढं पुरतं.

चुकून जुना शब्द तोंडून गेला तर?

'माफ करा' म्हणून योग्य शब्द वापरा आणि पुढे बोला. लांबलचक दिलगिरी व्यक्त केली की समोरच्यालाच तुमची समजूत घालावी लागते. चुकण्याच्या भीतीने बोलणंच टाळणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यापेक्षा चुका चालतील.

घरच्या अपंग व्यक्तीबद्दल लिहावं का, फोटो टाकावेत का?

तिला विचारून. 'तिला काय कळतंय' हे उत्तर होत नाही. फोटो दाखवा, कोण कोण बघेल ते सांगा, चेहरा वाचा. ज्या स्थितीत आपला स्वतःचा फोटो कोणी काढलेला आवडणार नाही, त्या स्थितीतला तिचाही काढू नका.

हे सगळं मी दादाला दोन दिवसांत वाचून दाखवलं. शाळेतला एक प्रसंग होता, तो त्याने काढायला सांगितला, मी काढला. आई गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल त्याने थोडा विचार केला आणि 'राहू दे' म्हणाला. दुकानातल्या फ्रेमचा रंग मी लिहिलाच नव्हता. तो त्याने घालायला लावला.